सीटीनं जागा दाखवली, आजाराचं नाव अजून ठरायचं आहे

पत्र : माझे बाबा ६१ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. आम्ही नागपूरला मानेवाड्यात राहतो. मागच्या दिवाळीपासून त्यांच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंनी सूज आहे. दुखत नाही. हळूहळू वरच्या पापण्याही फुगल्या. आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवलं, मग अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, काही फरक पडला नाही. एका बाजूची एफएनएसी, म्हणजे बारीक सुईची तपासणी केली, त्यात ‘जुनाट सूज, कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत’ असं आलं. आता कॉन्ट्रास्ट देऊन मानेचा सीटी केला. लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी दोन्हीकडे सारख्या वाढल्या आहेत, खडा नाही, हाडाला काही नाही, असं लिहून पुढे आयजीजी४ आजार, श्योग्रेन आणि लिम्फोमा अशी तीन नावं प्रश्नचिन्हासकट दिली आहेत आणि बायोप्सी करा म्हटलं आहे. भाऊ म्हणतो, सीटीत एवढं सगळं दिसलं तर आजार का नाही दिसला? दुसऱ्या सेंटरवर पुन्हा करू. काका म्हणतात, ओळखीचे डॉक्टर स्टेरॉईड देतात, आठ दिवसांत सूज उतरेल, उगाच चिरफाड कशाला. बाबांना वर्षभरापूर्वी शुगर निघाली, सर्दी-शिंकांचा त्रास जुना आहे. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खायचे, आता कमी केला आहे. ते मलाच विचारतात, ‘कॅन्सर निघून राहिला का, खरं सांग.’ मी त्यांना काय सांगू? — एक मुलगी, मानेवाडा

उत्तर :

ताई, आधी उत्तरं देतो, कारणं मागाहून सांगतो. पुन्हा सीटी करू नका. स्टेरॉईड आत्ता सुरू करू देऊ नका. बायोप्सी करा, आणि ती येत्या पंधरवड्यात व्हावी असं बघा.

तुमच्या भावाचा प्रश्न रास्त आहे. सीटीला एवढे पैसे मोजायचे, हातात मोठं पाकीट यायचं आणि शेवटी प्रश्नचिन्हं लावलेली तीन नावं, हे कुणालाही खटकेल. आयजीजी४ आणि श्योग्रेन हे प्रतिकारशक्तीचे आजार, पहिल्याला एका अँटिबॉडीवरून नाव पडलं, दुसऱ्यात तोंड-डोळे कोरडे पडतात; लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर. पण मी आयुष्यभर सीटी वाचत आलो आहे, म्हणून सांगतो, तुमच्या बाबांचा रिपोर्ट लिहिणाऱ्यानं काम चोख केलं आहे.

असा सीटी बघताना आम्ही स्क्रीनवर डोळ्यांच्या खोबणीपासून सुरुवात करतो आणि एकेक काप खाली सरकवत गळ्यापर्यंत येतो. खोबणीच्या वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यात अश्रूंची ग्रंथी असते. निरोगी माणसात ती लहान, चपटी दिसते. ती फुगली की पापणी जड दिसायला लागते, जसं तुमच्या बाबांचं झालं. तिथून खाली कानापुढे पॅरोटिड ही लाळेची ग्रंथी. निरोगी पॅरोटिडमध्ये चरबी असते, त्यामुळे ती शेजारच्या चावण्याच्या स्नायूपेक्षा काळपट दिसते. आत पेशींची गर्दी झाली की तो काळपटपणा जातो आणि ग्रंथी भरीव, पांढुरकी दिसू लागते. मग जबड्याच्या आतल्या कडेला सबमँडिब्युलर, हीही लाळेचीच ग्रंथी. तुमचं बोट बाहेरून जिला लागतं ती हीच. प्रत्येक ठिकाणी डावी-उजवी ताडून बघायची. शिरेतून दिलेलं आयोडीनचं औषध ग्रंथीनं सगळीकडे सारखं घेतलं, की मधेच एखादा भाग काळा राहिला, तेही बघायचं. काळा राहिलेला भाग म्हणजे पू किंवा मेलेला भाग असू शकतो. टीबीच्या गाठी पुष्कळदा अशाच दिसतात, कडा उजळ आणि मध्य काळा.

यातून काय काय बाजूला पडलं ते बघा. खडा नाही. लाळेच्या नळीत खडा असला तर बहुधा एकाच बाजूला सूज येते आणि जेवताना वाढते. तर्री-पोह्याचा पहिला घास घेतला की जबड्याखाली टचकन फुगतं आणि काही वेळानं उतरतं. बाबांचं तसं नाही. पू नाही. हाड खाल्लेलं नाही. एकाच बाजूला वाढणारी वेडीवाकडी गाठ नाही. दोन्हीकडे, एकसारख्या, न दुखणाऱ्या, अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथी एकदम वाढलेल्या, असं चित्र दिसलं की शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथींवर उलटली आहे का, ही शंका पहिली येते. आयजीजी४ हे नाव त्या रिपोर्टात सगळ्यात आधी आलं ते म्हणूनच.

मग नाव पक्कं का नाही केलं? सीटीला ग्रंथीचा आकार, जागा आणि घनता कळते. आत जमलेल्या पेशी कुठल्या, हे त्याला कळत नाही. रस्त्यावरून मांडव दिसतो, माणसं आत जाताना दिसतात, पण लग्न आहे की बारसं हे आत गेल्यावरच कळतं. आयजीजी४ आजारात ग्रंथीत प्लाझ्मा पेशी भरतात, श्योग्रेनमध्ये लिम्फोसाइट, आणि लिम्फोमातही लिम्फोसाइटच, फक्त बेलगाम वाढलेले. तिन्हींत ग्रंथी फुगते, तिन्हींत ती सीटीवर भरीव दिसू शकते. श्योग्रेन जुना झाला की पॅरोटिडमध्ये बारीक बारीक चुन्याचे ठिपके, चरबी, पाण्याच्या पिशव्या दिसतात आणि ओळख थोडी सोपी होते. पण सुरुवातीच्या टप्प्यात सीटी बघून शंभर टक्के सांगणारा रेडिओलॉजिस्ट मला तरी भेटलेला नाही, आणि भेटला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

हा घोळ जुना आहे. मिकुलिच नावाच्या सर्जननं १८८८ साली एका ४२ वर्षांच्या शेतकऱ्याची केस मांडली होती. अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथी दोन्ही बाजूंनी सारख्या फुगलेल्या, दुखणं नाही. तुमचं पत्र वाचताना मला तीच केस आठवली. पुढे १९५३ मध्ये दोन अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनी म्हटलं की हा वेगळा आजार नव्हेच, श्योग्रेनचाच प्रकार आहे. जवळजवळ पन्नास वर्षं सगळं जग तेच धरून चाललं. २००१ मध्ये जपानी डॉक्टरांना स्वादुपिंडाच्या एका विशिष्ट सुजेत रक्तातलं आयजीजी४ वाढलेलं सापडलं, आणि पुढच्या काही वर्षांत जपानमध्येच मिकुलिचचा आजार असलेल्यांच्या ग्रंथींत आयजीजी४ बनवणाऱ्या पेशी भरलेल्या दिसल्या. तेव्हा कुठे हे दोन आजार वेगळे झाले. सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या तज्ज्ञांचीही इतकी वर्षं गल्लत झाली, कारण आयजीजी४ चा खास रंग देऊन कुणी बघितलंच नव्हतं. सीटीकडून त्याहून जास्त मागणं बरोबर नाही.

भावाला एक काम सांगा. दुसऱ्या सेंटरवर नवा सीटी करण्यापेक्षा आहे त्याच सीटीची सीडी, नुसत्या फिल्म नव्हे, घेऊन डोक्या-मानेचे सीटी रोज बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. त्यांना दोन गोष्टी मुद्दाम बघायला सांगा. एक म्हणजे डोळ्याच्या खोबणीच्या तळातून गालाकडे जाणारी इन्फ्राऑर्बिटल नस. ती जाड झाली असेल, तिचा हाडातला बोगदा रुंदावला असेल, तर आयजीजी४ च्या बाजूनं तो मोठा पुरावा असतो, आणि घाईच्या रिपोर्टात नेमकी हीच नस राहून जाते. दुसरं म्हणजे मानेतल्या लसिकाग्रंथी किती, केवढ्या आणि कशा आहेत. बाबांच्या दाढांवर धातूच्या कॅप असतील तर त्यांच्या पांढऱ्या रेघा चित्रावर पसरतात आणि जबड्याजवळचं नीट दिसत नाही. तसं झालं असेल तर तेवढ्या भागापुरतं काय करायचं ते रेडिओलॉजिस्ट सांगतील. सगळा सीटी पुन्हा काढायला ते कारण पुरेसं नाही. मानेच्या एका सीटीत साधारण ३ मिलिसिव्हर्टच्या आसपास किरणोत्सर्ग मिळतो, निसर्गातून वर्षभरात मिळतो त्याच्या जवळपास. एकदा, गरज असताना, त्याची काळजी करू नये. पण उत्तर तेच येणार असताना दुसऱ्यांदा कशाला?

आता काकांचा सल्ला. ताई, मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. काका म्हणतात ते खरं आहे, सूज उतरेल. आयजीजी४ आजार स्टेरॉईडला इतका चांगला प्रतिसाद देतो की आठ-पंधरा दिवसांत चेहरा बदलतो. पण लिम्फोमाही स्टेरॉईडनं काही काळ विरघळतो. मग बायोप्सी केली तर तुकड्यात धड काही सापडत नाही, घरचे म्हणतात बरं झालं, आणि काही महिन्यांनी तो पुन्हा डोकं वर काढतो तेव्हा मधला वेळ गेलेला असतो. आणि आपल्याकडे टीबी आहे. टीबी आतल्या आत दबून असेल आणि स्टेरॉईड सुरू झालं, तर तो भडकतो. शिवाय बाबांना शुगर आहे. या आजारात सुरुवातीचा डोस किलोमागे साधारण ०.६ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन असतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३५-४० मिलिग्रॅमच्या घरात. त्यानं शुगर उसळणार हे धरूनच चालावं लागतं. औषध चांगलं आहे, बहुधा बाबांना तेच लागेलही. फक्त ते तुकडा काढल्यानंतर, छातीचा एक्स-रे बघून, शुगरची सोय लावून, महिनोन्महिने हळूहळू कमी करत द्यायचं असतं. ओळखीनं, चिठ्ठीशिवाय द्यायचं ते औषध नव्हे. आणि कुणी आधीच गोळ्या दिल्या असतील, बाबांनी दोन-चार दिवस घेतल्याही असतील, तर सर्जनला ते न लाजता सांगा. त्यावर त्यांचं वेळापत्रक अवलंबून असतं.

‘सुईची तपासणी झाली, त्यात कॅन्सर नाही आला, मग परत कशाला?’ असं घरात कुणीतरी म्हणेलच. एफएनएसीत बारीक सुईनं सुट्या पेशी येतात. हा आजार ओळखायला पेशी एकमेकींशेजारी कशा बसल्या आहेत, मधे तंतू कसे विणले गेले आहेत, बारीक शिरा बुजल्या आहेत का, हे बघावं लागतं. त्यासाठी सलग तुकडा हवा. तो जाड सुईनं सोनोग्राफीखाली काढता येतो, किंवा सर्जन जबड्याखाली छोटी चीर देऊन काढतात. पॅरोटिडमधून चेहऱ्याची नस जाते, म्हणून शक्यतो सबमँडिब्युलरमधून घेणं सर्जन पसंत करतात. तिथेही ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी एक बारीक फांदी जवळ असते. ‘ती कशी जपाल?’ असं त्यांना विचारायला अजिबात संकोच करू नका.

तुकडा लॅबमध्ये देताना अर्जावर ‘आयजीजी४ ची शंका’ हे शब्द लिहिलेलेच हवेत. ते लिहिले नाहीत तर पॅथॉलॉजिस्ट साधी तपासणी करून पुन्हा ‘जुनाट सूज’ असा रिपोर्ट देतील आणि तुम्ही जिथे होता तिथेच परत याल. आयजीजी४ आणि आयजीजी अशा दोन्हींची आयएचसी, म्हणजे पेशी ओळखणारा खास रंग देऊन केलेली तपासणी सांगा. आयजीजी पेशींपैकी ४० टक्क्यांहून जास्त पेशी आयजीजी४ च्या आणि लाळेच्या ग्रंथीत सूक्ष्मदर्शकात खूप मोठं करून बघितलेल्या एका फील्डमध्ये त्या शंभराच्या वर असतील, तर निदानाला भक्कम आधार मिळतो. लिम्फोमासाठीचे मार्करही त्याच तुकड्यावर लावता येतात, वेगळी चीर लागत नाही. आणि रिपोर्ट आल्यावर तुकडा ज्यात जपलेला असतो ते मेणाचे ब्लॉक मागून घ्या, सांभाळून ठेवा. उद्या दुसरं मत घ्यायचं झालं तर ब्लॉक पुढे पाठवता येतात, बाबांना पुन्हा टेबलावर झोपवावं लागत नाही.

रक्ताच्या तपासण्यांत आयजीजी४ ची पातळी हवीच. १३५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर वाढलेली धरतात. पण नुसत्या या आकड्यावर जाऊ नका. आजार पक्का असलेल्या बऱ्याच जणांत ती साधारण निघते, आणि ॲलर्जीच्या माणसांत आजार नसतानाही वाढलेली सापडते. बाबांच्या सर्दी-शिंका मी त्यासाठीच लक्षात ठेवल्या. सोबत श्योग्रेनसाठी एएनए आणि एसएसए म्हणजे रो अँटिबॉडी, सीबीसीत इओसिनोफिल, ईएसआर, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या, लघवी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. एचआयव्हीचं नाव ऐकून दचकू नका. त्यातही पॅरोटिड दोन्हीकडे फुगतात, म्हणून ते रीतसर वगळायचं असतं. हिपॅटायटिस बी तर स्टेरॉईडच्या आधी माहीत असलेलाच बरा.

श्योग्रेनची शक्यता मला इथे कमी वाटते. तो बायकांमध्ये कितीतरी जास्त, आणि त्यात कोरडेपणाच जीव खातो. नागपूरच्या मे महिन्यात डोळे कुणाचे कोरडे होत नाहीत? म्हणून बाबांना नेमकं विचारा. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरतो का? रात्री तोंड कोरडं पडून उठावं लागतं का? डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं का? तिन्हींना ‘नाही’ असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून शर्मर टेस्ट करून घ्या, कागदाची छोटी पट्टी पापणीत पाच मिनिटं ठेवतात, एवढंच. पट्टी पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओली झाली तर डोळा खरंच कोरडा.

तुम्ही पत्रात शुगरबद्दल ओझरतं लिहिलं आहे, मी मात्र तिथे थांबलो. आयजीजी४ आजार ग्रंथींपुरता राहतोच असं नाही. स्वादुपिंड, पित्तनलिका, किडनी, फुप्फुस, महारोहिणीभोवतीचा भाग, कुठेही जाऊ शकतो. स्वादुपिंडात गेला तर शुगर निघू शकते. आता, साठीत शुगर निघणं आपल्याकडे नवल नाही, ती साधीच असण्याची शक्यता जास्त. पण वर्षभरात शुगर आणि त्याच वर्षात ग्रंथींची सूज, ही जोडी डॉक्टरांसमोर मांडायला हवी. बायोप्सीत आयजीजी४ ठरलं तर ते छाती-पोटाचा सीटी सांगतील, आणि तो मात्र जरूर करा. तो मानेच्या सीटीची पुनरावृत्ती नव्हे, त्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याआधी किडनीसाठी क्रिएटिनिन बघून घ्या. बाबा शुगरसाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर कॉन्ट्रास्ट देणाऱ्यांना सांगा. किडनी ठीक असेल तर सहसा गोळी थांबवावी लागत नाही, ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, ३० च्या खाली असेल तर थांबवतात.

खर्र्याबद्दल स्पष्ट बोलतो. ही सूज खर्र्यामुळे आलेली नाही. पण ईएनटीच्या डॉक्टरांनी तोंड पूर्ण उघडायला लावून गालाच्या आतून, जिभेखालून बोट फिरवून बघितलंच पाहिजे. ग्रंथींच्या नादात तोंडातला एखादा पांढरा चट्टा राहून गेला, असं व्हायला नको. आणि ‘कमी केला’ म्हणजे नेमका किती, ते बाबांनी डॉक्टरांना खरं सांगावं. जमलं तर याच निमित्तानं बंदच करा.

जायचं कुठे? मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांपैकी एक निवडलं तर ईएनटी, रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजी एकाच आवारात मिळतात, आणि या आजारात हे तिघं एकमेकांशी बोलणं फार मोलाचं असतं. धंतोली-रामदासपेठेत खाजगीत दाखवायचं असेल तरी चालेल, फक्त तिथे कागद तुम्हाला फिरवावे लागतील. पुढचा मुख्य डॉक्टर मात्र ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट असतो. लोकांना वाटतं तो गुडघ्यांचा डॉक्टर, पण प्रतिकारशक्तीच्या आजारांचा माणूस तोच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याआधी विचारा. जाताना सीडी, एफएनएसीची स्लाइड, जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि बाबांचा एखादा जुना फोटो न्या. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा असेल तर उत्तमच. सूज दिवाळीपासून आहे असं तुम्हाला वाटतं, पण रोज बघणाऱ्याला हळू वाढणारं दिसत नाही. लायसन्सवरच्या पापण्या आणि आजच्या पापण्या शेजारी ठेवल्या की डॉक्टरांना खरा काळ कळतो.

मधल्या दिवसांत एका बाजूची गाठ झपाट्यानं वाढली, दगडासारखी लागली, तोंड एका बाजूला ओढलं, एकाचे दोन दिसू लागले, डोळे पिवळे झाले, किंवा ताप, रात्री घामानं अंथरूण भिजणं आणि वजन उतरणं सुरू झालं, तर दिलेल्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी जा.

आणि बाबांना काय सांगायचं. तुम्ही त्यांच्यापासून लपवू नका, त्यांनी सरळ विचारलं आहे. त्यांना सांगा, ‘बाबा, अजून ठरलं नाही. डॉक्टरांना तीन आजारांची शंका आहे. त्यातला जो सगळ्यात जास्त जुळून राहिला तो कॅन्सर नाही, गोळ्यांनी आटोक्यात येतो, फक्त परत परत उलटतो म्हणून लक्ष ठेवावं लागतं. तिसरा कॅन्सरचा आहे, आणि तो नाही हे तुकडा तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.’ त्यांनी पुढे विचारलं, ‘आणि तोच निघाला तर?’ तर हेही खरं सांगा की लाळेच्या ग्रंथीतला लिम्फोमा बहुतेकदा संथ चालीचा असतो आणि त्यावर उपचार आहेत. सीटीचा रिपोर्ट त्यांच्याच हातात द्या. सर्जनकडे पहिला प्रश्न त्यांना स्वतःला विचारू द्या, तुम्ही आणि तुमचे भाऊ शेजारी बसा, आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या.